कातकामाची विद्या आणि ती वाटणारी माणसे

सुतारकामात लाकूड घट्ट धरून ठेवायचे आणि हत्यार चालवायचे; कातकामात लाकूड फिरत राहते आणि हत्यार टेकूवर धरायचे. या एका फरकावर वेगळी विद्या उभी राहिली आहे. आपल्या घरातली लाटणी आणि रव्या, पाळण्याचे गज, देव्हाऱ्याचे खांब, भोवरे, बुद्धिबळाची प्यादी, तबल्याचे खोड, सनई, क्रिकेटच्या यष्ट्या ही सगळी लेथवरून, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावरून, उतरलेली लाकडे आहेत. रोज हाताळूनही ती कोणी कातली असतील हा प्रश्न सहसा मनात येत नाही. घर बांधणाऱ्या सुताराचे नाव पुढच्या पिढीलाही आठवते, कातारी मात्र निनावीच राहतो.

हे पुस्तक त्या विद्येची मराठीतून ओळख करून देते. हत्यारे कशी धरायची, धार कशी लावायची, वाडगा कसा पोखरायचा, हे लेखकाने पुढे सविस्तर सांगितले आहे, त्यामुळे कृतीत मी शिरत नाही. मला लिहायचे आहे ते ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, कुठे तुटली आणि गेल्या पन्नास वर्षांत पुन्हा कशी पसरली याविषयी. मी अमेरिकेत राहते आणि तिथल्या एका लहानशा वुडटर्निंग क्लबची जुनी सभासद आहे. क्लबमध्ये वावरताना माझे एक मत पक्के झाले. कातकाम आज तग धरून आहे ते हातचे काही राखून न ठेवता शिकवणाऱ्या माणसांमुळे. यंत्रांचा आणि बाजारपेठेचा वाटा त्यानंतरचा.

लेथचे जुने चित्र इजिप्तमध्ये सापडते. पेतोसिरिस नावाच्या धर्मगुरूच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या काळातल्या एका कोरीव पट्टीवर दोन माणसे काम करताना दिसतात. एक जण दोरीने लाकूड मागेपुढे फिरवतो आहे, दुसऱ्याने त्यावर हत्यार टेकवले आहे. हीच जोडी भारतातही विजेची मोटर येईपर्यंत कामावर होती. जमिनीवर बसलेला कातारी, दोरी ओढणारा मदतनीस, नाहीतर एका हाताने स्वतःच चालवलेली धनुकली. हत्याराचे टोक जागेवर धरायला पायाचा अंगठा. अशा लेथवर लाकूड अर्धा वेळ कारागिराकडे फिरते आणि अर्धा वेळ उलटे, म्हणजे काप फक्त अर्ध्या वेळात बसतो. परतीच्या फेऱ्यात धार किंचित मागे घ्यावी लागते, आणि हा ताल अंगात मुरल्याशिवाय गोलाई साधत नाही. सलग एका दिशेने फिरणारी मोटर मिळाल्यावर आपल्याला काय मिळाले आणि आधीच्या माणसांकडे काय होते, हे त्या तालाचा विचार केला की नीट कळते.

युरोपात कातारी संघटित होते. लंडनच्या ‘वर्शिपफुल कंपनी ऑफ टर्नर्स’ला १६०४ मध्ये राजाची सनद मिळाली. अशा संघांचे काम धंद्याचे रक्षण करणे, शिकाऊ मुलांना वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताखाली ठेवणे आणि बाहेरच्याला आत येऊ न देणे. पोटाचा प्रश्न होता, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण घराण्यात किंवा संघात बंद राहिलेल्या विद्येला एक धोका कायम असतो, आणि तो किती खरा आहे हे जॉर्ज लेलीच्या गोष्टीवरून दिसते.

इंग्लंडमध्ये बर्कशायर परगण्यातल्या बकलबरीच्या माळावर लेलीची झोपडीवजा कार्यशाळा होती. त्याचा जन्म १८६९ चा. तो पायाने दाबायच्या लेथवर एल्म लाकडाचे वाडगे कातायचा. वर एक लवचीक दांडा, खाली पायाची फळी, मध्ये लाकडाला वेढा दिलेली दोरी. पाय दाबला की लाकूड पुढे फिरते, सोडला की दांडा ते मागे खेचतो. लेलीची खासियत म्हणजे तो एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचा. त्यासाठी त्याने स्वतः घडवलेली आकड्यासारखी वळलेली हत्यारे होती. सरळ हत्याराने पोखरले तर आतला सगळा गाभा भुसा होऊन जातो. वळलेल्या हत्याराने बाहेरचा वाडगा सुटतो आणि आतला गाभा पुढच्या वाडग्यासाठी शाबूत राहतो. प्रवासवर्णनकार एच. व्ही. मॉर्टन १९२० च्या दशकात त्याला भेटून गेला आणि त्याने त्याच्यावर लिहिले. लोकांना लेली माहीत होता, त्याचे वाडगे विकले जात होते. १९५८ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्यामागे ते काम करणारा कोणी नव्हता. लेथ आणि हत्यारे रेडिंगच्या ‘म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफ’मध्ये पोचली आणि तिथे नुसती उभी राहिली.

हत्यार समोर असते, पण ते कोणत्या कोनात धरायचे, पाय किती जोराने दाबायचा, ओले लाकूड किती ओले हवे, हे हत्यारावर लिहिलेले नसते. १९९० च्या दशकात रॉबिन वूड नावाच्या तरुणाने त्या लेथपासून सुरुवात केली. लेलीची हत्यारे पाहून तशी भट्टीत घडवायला तो स्वतः शिकला, जुन्या वाडग्यांवर राहिलेल्या हत्याराच्या खुणा वाचल्या आणि एका पिढीने दुसरीला अगदी सहज दाखवले असते ते चुकतमाकत पुन्हा शोधून काढले. आज पायाच्या लेथवर वाडगे करणारी माणसे जगभर आहेत, त्यातल्या पुष्कळांची वाट वूडपाशी पोचते. हे सगळे चांगले झाले. तरी मला त्यात मधली रिकामी वर्षे दिसतात. लेलीच्या झोपडीत त्याच्या उतारवयात दर महिन्याला चार उत्सुक माणसे येऊन बसली असती, तर त्या वर्षांची गरजच पडली नसती.

लेलीच्याही कितीतरी आधी, विद्या उघडी करणारे पहिले मोठे पाऊल एका धर्मसंघातल्या साधूने टाकले होते. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच साधूचे कातकामावरचे सचित्र पुस्तक १७०१ मध्ये लिआँ शहरात छापले गेले. या विषयावरचा तो पहिला सविस्तर ग्रंथ. लेथचे भाग, हत्यारांचे आकार, लाकूड पकडण्याच्या युक्त्या, सगळे त्यात चित्रांसह दिले होते. प्ल्युमिए वनस्पतिशास्त्रज्ञही होता आणि वेस्ट इंडीजमध्ये जाऊन त्याने तिथल्या वनस्पतींचा अभ्यास केला. आपल्या देवळांच्या आवारात फुलणाऱ्या खुरचाफ्याच्या प्रजातीला ‘प्लुमेरिया’ हे शास्त्रीय नाव त्याच्यावरूनच मिळाले. त्या पुस्तकानंतर लेथ राजेरजवाड्यांच्या महालात शिरला. रशियाचा पीटर द ग्रेट स्वतः लेथवर काम करायचा. लंडनमध्ये होल्टझाप्फेल घराण्याने नक्षीदार कातकामासाठी अतिशय महागडे लेथ बनवले. धनिकांचा हा छंद सुबक होता, पण त्याची भिस्त हातापेक्षा यंत्रावर जास्त होती, म्हणून मी त्यावर इथे थांबत नाही.

धंदा म्हणून कातकाम कारखान्यांनी मोडले. इंग्लंडच्या हाय विकम भागात बीचच्या जंगलात तळ देऊन खुर्च्यांचे पाय कातणारे ‘बॉजर’ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपले. एका साच्यावरून शेकडो पाय एकसारखे काढणारे यंत्र आल्यावर त्यांची मजुरी परवडणे शक्य नव्हते. अमेरिकेत कातकाम शाळांच्या वर्कशॉपमध्ये उरले, जिथे मुले दिवा नाहीतर जिन्याच्या कठड्याचा खांब करायला शिकत. कला म्हणून लेथकडे पाहणारी माणसे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही एकमेकांपासून दूर.

त्यांच्यातला जेम्स प्रेस्टिनी मेकॅनिकल इंजिनिअर. त्याने शिकागो परिसरात १९३० च्या दशकापासून १९५३ पर्यंत वाडगे कातले. ते इतके पातळ आणि इतके अलंकाररहित होते की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ते आपल्या संग्रहात घेतले. बॉब स्टॉक्सडेलने दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार दिला, म्हणून त्याला श्रमशिबिरात पाठवले गेले. त्याचे वाडगे त्या शिबिरात सुरू झाले. पुढे बर्कलीमध्ये घराच्या तळघरात त्याने आयुष्यभर काम केले. त्याची पत्नी के सेकिमाची विणकर कलावंत होती. जपानी वंशाची म्हणून युद्धकाळात तिला कुटुंबासह छावणीत कोंडले गेले होते. त्यांची कामे नंतर एकत्र प्रदर्शनात मांडली गेली. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात शिकवणारा रूड ऑसोल्निक इतरांनी टाकून दिलेल्या गाठाळ लाकडातून वस्तू काढायचा. अटलांटाचा एड मोल्थ्रॉप वास्तुशिल्पी होता. कवेत न मावणारे वाडगे कातण्यासाठी त्याने स्वतः लेथ बांधला. मेल लिंडक्विस्ट हा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर. बुरशीने खाल्लेल्या लाकडात ज्या काळ्या नागमोडी रेषा उमटतात त्यांना त्याने सौंदर्याचा दर्जा मिळवून दिला. सुतार ते लाकूड जळणात टाकत.

ही माणसे सुटी सुटी काम करत असताना फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट लेकॉफने १९७६ मध्ये, भाऊ अ‍ॅलन आणि पामर शार्पलेस यांच्यासह, जॉर्ज स्कूल या शाळेत कातारींचे पहिले शिबिर भरवले. पुढची वर्षे ही शिबिरे चालत राहिली. कोणी हत्यारे कशी घासतो, कोणी ओले लाकूड कसे वाळवतो, हे लोक समोरासमोर पाहू लागले. १९८५ च्या शरदात टेनेसीतल्या ॲरोमाँट या कलाशाळेत मोठा मेळावा झाला आणि तिथल्या चर्चेतून पुढच्या वर्षी ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ स्थापन झाली. पहिला अध्यक्ष डेव्हिड एल्सवर्थ. १९८७ मध्ये ब्रिटनमध्येही अशीच संघटना निघाली. अमेरिकन संघटनेचे आज साडेतीनशेहून अधिक स्थानिक क्लब आहेत. निवृत्त शिक्षक, नर्सा, ट्रकचालक, दंतवैद्य, कॉलेजातली पोरे, कोणीही सभासद होतो.

क्लबच्या मासिक बैठकीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते प्रात्यक्षिक. समजा, आदल्या आठवड्यातल्या वादळात पडलेल्या मेपलचा अर्धा ओंडका चकवर, म्हणजे लेथच्या पकडीवर, चढवला आहे. बारा इंच व्यासाचा. अनुभवी माणूस आधी वेग ठरवतो. इंचातला व्यास गुणिले मिनिटाला होणारे फेरे हा गुणाकार साधारण सहा ते नऊ हजारांत राहावा असा ठोकताळा आहे, म्हणजे इथे ५०० ते ७५० फेरे. सहाशेवर कडा ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने हत्याराखालून जाते. सुरुवातीला लाकूड वेडेवाकडे असते, हत्यार टकटक आदळते आणि पाण्याचे शिंतोडे पहिल्या रांगेपर्यंत उडतात, कारण ताज्या लाकडात कधीकधी सुक्या लाकडाच्या वजनापेक्षा जास्त पाणी असते. मग हळूहळू टकटक संपते आणि सलग सुस्कारा ऐकू येऊ लागतो. धारेच्या मागचा उतार, ज्याला सगळे ‘बेव्हल’ म्हणतात, तो लाकडावर टेकलेला राहिला तर धार अडकत नाही आणि पापुद्र्यासारख्या लांब साली उडत राहतात. बाहेरून कापताना बुडापासून काठाकडे, आतून काठापासून मध्याकडे. तसे केले की प्रत्येक तंतूला मागे दुसऱ्या तंतूचा आधार मिळतो; उलट गेले तर तंतू उचकटतात. हे वाक्य कुठेही छापलेले मिळेल, पण ते हाताला पटते ते शेजारी उभा असलेला माणूस तुमची कोपर अंगाशी दाबून ‘आता कमरेतून वळा’ म्हणतो तेव्हाच.

प्रात्यक्षिक संपल्यावर वाडगा कोणाला द्यायचा याची चिठ्ठी निघते. पुष्कळ क्लबांत असा रिवाज आहे की ज्याला वस्तू मिळेल त्याने पुढच्या बैठकीला स्वतःच्या हातची वस्तू आणायची. नवशिक्याला यामुळे महिनाभरात काहीतरी पूर्ण करावेच लागते, आणि त्याचे काम एखाद्या उस्तादाच्या घरी जाते. मेजावर सगळे आपापल्या वस्तू मांडतात. चुकलेल्याही मांडतात, तळ फुटलेला वाडगा, तडा गेलेली डबी, आणि का फुटले ते सांगतात. जुन्या संघांनी जी माहिती शपथ घालून राखली असती ती इथे चहाच्या कपाबरोबर मिळते. मला या प्रथेबद्दल मनापासून आदर आहे.

ओल्या लाकडाचे आणखी एक वैशिष्ट्य नवख्याला कळले पाहिजे. वाळताना लाकूड सगळ्या दिशांनी सारखे आटत नाही. वार्षिक वलयांच्या कडेने ते साधारण जितके आटते त्याच्या निम्मेच केंद्रापासून सालीकडच्या दिशेने आटते. परिणामी ओला कातलेला गोल वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो. यावर दोन वाटा आहेत. पहिली अशी की वाडगा व्यासाच्या सुमारे एक दशांश जाडीचा ठेवून कापायचा, कडांना मेण लावायचे, महिनोन्‌महिने वाळू द्यायचा, वजन कमी व्हायचे थांबले की पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. दुसरी वाट म्हणजे एका बैठकीत अगदी पातळ कातून टाकायचा आणि वाकेल तसा वाकू द्यायचा. दुसऱ्या वाटेवर काही कारागीर आत दिवा ठेवून काम करतात. ओल्या पातळ लाकडातून प्रकाश पार होतो, आणि कुठे जास्त उजळ आहे त्यावरून जाडीचा अंदाज येतो. हवाईच्या रॉन केंटने नॉरफोक पाइनचे वाडगे तेलात पुन्हापुन्हा भिजवून असे केले की ते उजेडात धरल्यावर केशरी होऊन आतून पेटल्यासारखे दिसतात. मला स्वतःला वाकलेले वाडगे अधिक आवडतात. झाड कुठे जाड होते, कुठल्या बाजूला झुकले होते, हे त्यांच्या आकारावरून वाचता येते.

एल्सवर्थचे नाव वर आले. कातकामाला कलादालनात नेणाऱ्यांत त्याचा वाटा मोठा आहे. त्याने बंद तोंडाची भांडी कातायला सुरुवात केली. पोट फुगीर, वर बोट जाईल एवढेच भोक, आणि त्या भोकातून वाकड्या हत्याराने आतले सगळे लाकूड काढायचे. आत दिसत काहीच नाही. भिंत किती उरली हे आवाजावरून ओळखायचे. भिंत पातळ होते तसा घर्षणाचा स्वर बदलत जातो. चार मिलिमीटर जाडीच्या भिंतीचे भांडे पिसासारखे हलके निघते. या कामावरून एक वाद अजून चालतो. ज्या वाडग्यात डाळ वाढता येत नाही तो वाडगा कशाला, असे काही म्हणतात; वापराच्या जोखडातून सुटल्याशिवाय आकाराला पूर्ण वाव मिळत नाही, असे काही. मी एल्सवर्थच्या बाजूची आहे. पण गेल्या काही वर्षांत प्रदर्शनांतल्या वस्तूंवर इतके रंग, जाळीदार कोरीव काम आणि नक्षी चढते की लेथवर काय झाले ते शोधावे लागते. अशा वस्तूंमध्ये बाह्यरेषा कमकुवत असली तरी लपून जाते. प्रेस्टिनीच्या वाडग्यात लपायला जागाच नाही. नव्याने शिकणाऱ्याने पहिली काही वर्षे काहीही सजवू नये असे माझे ठाम मत आहे.

क्लबांचे दुखणेही लपवण्यात अर्थ नाही. सभासदांचे सरासरी वय वाढते आहे. तयार किटमधली पेने कातून अनेकजण तिथेच थांबतात. स्त्रियांची संख्या अजून कमी आहे; पुष्कळ वर्षे बैठकीत मी एकटीच बाई असायचे आणि हत्यार हातात घेतले की कोणीतरी ते काढून घेऊन ‘मी करून देतो’ म्हणायचे. हे बदलते आहे, पण आपोआप बदललेले नाही. जुन्या सभासद बायकांनी नव्यांसाठी वेगळे सत्र सुरू केले तेव्हा बदलले.

याच क्लबांचे एक काम मला फार जवळचे आहे. गंभीर आजाराशी झुंजणाऱ्या मुलांसाठी ‘बीड्स ऑफ करेज’ नावाचा उपक्रम अमेरिकेत चालतो. प्रत्येक सुई, प्रत्येक शस्त्रक्रिया, प्रत्येक केमोथेरपीबद्दल मुलाला एकेक मणी मिळतो. उपचार लांबले की मणी ओंजळीत मावेनासे होतात. ते ठेवायला देशभरातले क्लब झाकणाच्या लाकडी डब्या कातून देतात. या डबीचे झाकण कसे बसावे यावर आमच्या क्लबात फार वेळ बोलणे होते. घट्ट बसलेले झाकण उघडताना जो हलका ‘पॉप’ आवाज येतो तो कातारींना अभिमानाचा वाटतो, पण आजारी मुलाच्या हातात ताकद नसते. म्हणून या डबीचे झाकण मुद्दाम सैल ठेवायचे, मूठ मात्र पकडायला मोठी करायची, आणि आतल्या कडा इतक्या गुळगुळीत करायच्या की बोट फिरले तरी खरचटू नये.

आता आपल्याकडे. बंगळूर–म्हैसूर रस्त्यावरचे चन्नपट्टण लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कामात जे लाकूड वापरतात त्याला कन्नडमध्ये ‘आले मर’ म्हणतात. आपल्याकडचा काळा कुडा तोच. आंध्रातल्या एटिकोप्पाकातही हेच लाकूड. पांढरे, मऊ, बारीक पोताचे, पटकन वाळणारे. खेळणे कातून झाले की लेथ चालू असतानाच लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते; मग केवड्याच्या पानाने ती घोटतात आणि चकाकी येते. ब्रश नाही, डबा नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. आपल्या सावंतवाडीत चितारी घराण्यांनी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातून खेळणी आणि फळे केली. पंगतीच्या पाटापासून पाळण्याच्या खेळण्यापर्यंत त्यांचे लाखकाम कोकणी घरांत पोचले. लहानपणी आम्ही ती लाकडी केळी आणि सीताफळे खरी समजून पाहुण्यांना द्यायचो.

या गावांतल्या कातारींचे आणि अमेरिकेतल्या छांदिष्टांचे प्रश्न एक नाहीत, हे आधी मान्य करायला हवे. छंद करणाऱ्याला दर संध्याकाळी भाकरीचा हिशेब करावा लागत नाही, म्हणून तो चुका उघड मांडू शकतो. लाखेच्या रंगाचे प्रमाण ज्याची रोजी आहे त्याने ते फुकट सांगावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. म्हणून महाराष्ट्रात कुठे असा क्लब निघालाच, तर त्याची पहिली बैठक एखाद्या जुन्या कातारीने घ्यावी आणि त्याला तिचे योग्य मानधन मिळावे. तबल्याचे खोड कातणारा, पाळणे करणारा, देव्हाऱ्याचे खांब काढणारा असा माणूस अजून बहुतेक जुन्या बाजारपेठांत भेटतो. तो हत्यार जसे धरतो त्याचे चित्रीकरण व्हावे, त्याच्या तोंडची हत्यारांची नावे लिहून घ्यावीत, आणि त्याने केलेल्या वस्तूच्या तळाशी त्याचे नाव असावे. तळावर नाव कोरण्याची रीत पश्चिमेतल्या कातारींनी पक्की केली आहे आणि ती आपण लगेच उचलावी.

लाकडाची चिंता करू नये. शहरात दर पावसाळ्यात गुलमोहर, शिरीष, आंबा, जांभूळ, वर्षावृक्ष कोसळतात आणि बहुतेक वेळा जळणात जातात. वर्षावृक्षाचे लाकूड हवाई आणि फिलिपिन्समध्ये वाडग्यांसाठी वर्षानुवर्षे वापरले जाते. गडद तपकिरी गाभा, फिकट पांढुरकी कड, आणि वाळताना फारसे न वाकणारे. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर ते रांगेने उभे आहे. मात्र पडलेल्या झाडाचा ओंडका उचलण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे विचारणा करावी, आणि ओंडका मिळाला की त्याच दिवशी मधोमध चिरून दोन्ही टोकांना मेण लावावे, नाहीतर आठवडाभरात केंद्रापासून भेगा पडतात.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल दोन शब्द. धार लावण्याचे प्रकरण लेखकाने चौथे ठेवले आहे. वाचकाने ते आधी वाचावे. बोथट हत्याराने लाकडावर जोर द्यावा लागतो आणि लेथवरचे पुष्कळ अपघात जोरातूनच होतात. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, सैल बाह्या आणि मोकळे केस बंद, अंगठी काढलेली, हे नियम प्रत्येक प्रकरणात परत येतात आणि ते यावेतच. भुशाबद्दलही लेखकाने कडक लिहिले आहे. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे, म्हणून पॉलिश कागद घासताना मुखपट्टी हवीच. वाडग्याचे प्रकरण सर्वांत मोहक आहे, पण त्याकडे वळण्याआधी बाभळीच्या ताज्या फांदीवर काही दिवस नुसते मणी आणि खाचा कापाव्यात, मग एक रवी करावी आणि ती घरात ताक घुसळायला द्यावी. ज्यांच्या हाती ती जाईल त्या माणसांचे मत विचारावे: मूठ हातात बसते का, पाकळ्या भांड्याच्या तळाला लागतात का, धुतल्यावर कुठे खरखरीत होते का. त्यांच्या उत्तरांवरून दुसरी रवी करावी.